आचारीमामांचं पातळ रक्त

आचारीमामांना प्रश्न पडायचे, आणि ते नेमके दुसऱ्याच्या हातात काहीतरी जड असताना पडायचे. आपण उकळत्या आमटीचं पातेलं चुलीवरून उतरवतोय, हात भाजतायत, आणि मामा शेजारी उभे राहून विचारणार, "सुमे, दुधाला कसं कळतं गं, इरजान पडलं म्हनून?" मी म्हणायचे, "मामा, आधी बाजूला व्हा." ते बाजूला व्हायचे, पण प्रश्न तिथेच ठेवून. "न्हाय, तसं न्हवं. येवढुसं इरजान. येका कोपऱ्यात पडतं. दुसऱ्या कोपऱ्यातल्या दुधाला कोन सांगत आसंल?" मी तेव्हा बारामतीत राहायचे आणि कन्हेरीला शाळेवर शास्त्र शिकवायचे. मला हे सांगता यायला हवं होतं. मी जंतू वगैरे सांगायचे. मामा सगळं ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "ते जंतूंचं झालं. पर दुधाला कसं कळतं?" मग माझं डोकं फिरायचं.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. गाव इंदापूर तालुक्यात, शेळगावच्या अलीकडची एक वाडी. साखर कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांची आचाऱ्याची नोकरी होती, आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या बौद्ध लोकांत कुणाचं लग्न, कुणाचं घरभरणं, कुठे जयंतीचं जेवण असलं की चुलवण मामांचं. आचारी म्हटला की पोट सुटलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. मामा उंच, हडकुळे, खांद्यावर टॉवेल, पायात टायरच्या चपला. चव बघायची तर तळहातावर थेंब घ्यायचे, जिभेला लावायचे आणि कुठेतरी लांब बघत राहायचे. तेवढ्या वेळात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, असा आम्हा सगळ्यांना दम दिलेला होता.

त्यांचा खरा राग गुठळीवर. बुंदीचं पीठ भिजवताना किंवा पिठलं हाटताना गुठळी राहिली तर ती त्यांना स्वतःच्या अंगावर उठलेल्या गळवासारखी वाटायची. माझ्याच लग्नात एका पाहुण्या बाईने मदत म्हणून सगळं बेसन पाण्यात एकदम ओतलं. मामा तिला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त तिच्या हातातली परात काढून घेतली, तिला सावलीत नेऊन बसवलं, हातात चहाचा कप दिला आणि परत येऊन ते पीठ बोटांनी फोडत बसले. "गुठळी मंजी काय, तर हात थांबला," असं ते म्हणत. "हात थांबला की पिठाला वाटतं, आता बसावं." माझा नवरा त्यांना चिडवायचा, "मामा, तुमच्या पिठाला फारच वाटतं हो!" मामा म्हणायचे, "वाटतंच. तुमाला न्हाय वाटत हापिसात?"

वाडीत मामांची थोडी जमीन होती, भेंडी-वांग्याची. बांधाला बांध लागून आबांचं रान: डाळिंबाची बाग, ठिबक, सगळं. आबा आणि मामा लहानपणापासूनचे. संध्याकाळी दोघे बांधावर बसायचे. तंबाखू मामांची, चुना आबांचा. मामांनी तळहातावर मळलेली तंबाखू आबा चिमटीने उचलून तोंडात टाकायचे. पण मामांच्या घरचं पाणीसुद्धा आबांच्या घशाखाली कधी गेलं नाही. यावर कुणी काही बोलायचं नाही. जेवायची वेळ झाली की आबा टोपी झटकायचे, "चलतो बाबा," म्हणायचे, की झालं. आणि कहर म्हणजे आबांचा मुलगा कारखान्यात होता. तो कँटीनमध्ये रोज मामांच्या हातचं जेवायचा आणि वर आमटी मागून घ्यायचा. मामांना याचं हसू यायचं. "फाटकाच्या आत चालतं, फाटकाच्या भाईर चालत न्हाय. आता पोटाला कसं कळतं सुमे, फाटक कुठं हाय?" मी चिडायचे. "तुम्ही आबांना तोंडावर विचारा की!" "इचारायचं कशाला? कळंल त्याचं त्याला." माझा असा संताप व्हायचा, आणि मामांना त्यातही करमणूक वाटायची.

त्या वर्षी, नव्वदचं दशक संपत आलेलं, थंडी ओसरताना मामा माझ्याकडे बारामतीला आले होते. सकाळी चहाची बशी खाली ठेवली आणि छाती दाबून बसले. घाम असा, की टॉवेल पिळावा. माझ्या नवऱ्याने त्यांना रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हृदयाची पट्टी काढली, बघितली आणि म्हणाले, "हृदयाच्या नळीत रक्ताची गुठळी अडकलीय." मामा अर्धवट शुद्धीत होते, तरी त्यांनी डोळे उघडले. "गुठळी? माझ्यात?" आवाजात दुखण्यापेक्षा अपमान जास्त होता.

डॉक्टरांनी गुठळी विरघळवायचं औषध सलाइनमधून सोडलं. दुपारपर्यंत मामांचा चेहरा निवळला. संध्याकाळी डॉक्टर फेरीला आले तर हे उशीला टेकून तयारच. "सायेब, येक इचारू का? गुठळी इरघळत न्हाय. ती फोडावी लागती. डावानं कडंला दाबून. तुमी इरघळवली कशी?" डॉक्टर तरुण होते, हसले. "आजोबा, तुमची गुठळी बेसनाची, ही रक्ताची. आणि शरीर रोज बारीक गुठळ्या करतच असतं आणि आपली आपण विरघळवतही असतं. दोन्ही कामं चालूच असतात. आम्ही फक्त विरघळवणाऱ्याला हात दिला." डॉक्टर गेल्यावर मामा मला हळूच म्हणाले, "मंजी आत दोन आचारी हायती. येक घट्ट करनारा, येक पातळ करनारा. आन् दोगांचं पटत न्हाय." मी घरी येऊन शाळेचं पुस्तक उघडलं. जखम झाली की रक्त गोठतं, एवढंच त्यात होतं. विरघळायचं नावसुद्धा नव्हतं.

पुढे त्यांना पुण्याला नेलं. नळी आतून अरुंद झाली होती, तिथे जाळी बसवावी लागली. तेव्हा ते सगळंच नवीन होतं. आमच्याकडे स्टेंट कुणी म्हणत नव्हतं, सगळे स्प्रिंग म्हणायचे. वाडीत बातमी पोचली की मामांच्या काळजात स्प्रिंग घातली. भेटायला आलेल्या एका म्हातारीने त्यांच्या छातीला कान लावला आणि "आगं, वाजतीया की!" असं जाहीर केलं. मामांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "घड्याळाची हाय आज्जे. रोज चावी द्यावी लागती." म्हातारी ते खरं मानून गेली आणि गावभर सांगत सुटली.

पुण्याच्या डॉक्टरांनी घरी सोडताना रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या दिल्या. एक बारीक, ती जन्मभर. दुसरी काही आठवडे, आणि ती चालू असेपर्यंत अधूनमधून रक्त तपासायला द्यायचं. "पातळ बी करायचं आन् काढून बी घ्यायचं," मामा म्हणाले. "मग आमी ठिवायचं किती?" मी त्यांना गप्प केलं आणि डॉक्टरांना विचारलं, या गोळ्या नक्की करतात काय. त्यांनी नीट समजावून सांगितलं. जाळी धातूची. रक्ताला ती परकी वाटते, जखमच वाटते, आणि रक्त ती बुजवायला धावतं. मग जाळीतच गुठळी होते. काही आठवड्यांनी जाळीवर नळीचं आतलं पातळ अस्तर चढतं, की रक्ताला ती आपली वाटायला लागते. तोवर गोळ्या चुकवायच्या नाहीत. "एक दिवससुद्धा नाही," डॉक्टर बोट नाचवून म्हणाले. मामा म्हणाले, "मंजी घरात नवी सून आलीया. सून रुळंपातूर सासूला गप ठिवायचं." डॉक्टरांना ते कळलं की नाही देव जाणे, पण त्यांनी मान हलवली.

येताना एस.टी.त मामा गोळ्यांच्या डब्या उलटसुलट करून बघत होते. बारामतीच्या स्टँडवर उतरल्यावर, माझ्या दोन्ही हातांत पिशव्या असताना, त्यांनी विचारलंच. "सुमे, हात कापला तर रगत थांबाय पायजे. आन् आत थांबाय न्हाय पायजे. मग रगताला कसं कळतं, आत कुठलं आन् भाईर कुठलं?" मी म्हटलं, "कातडी असते ना मधे." "कातडी तर दोनी बाजूनं कातडीच हाय." मी पिशव्या घेऊन तशीच उभी राहिले. रिक्षावाला ओरडत होता.

'पातळ' या शब्दाने तर आमच्या घरात धुमाकूळ घातला. मामीने हायच खाल्ली. आमच्याकडे रक्त पातळ झालं म्हणजे माणूस खचला, त्याच्यात जीव राहिला नाही. "रगत पान्यावानी झाल्यावर मानसात ऱ्हातंय काय?" असं म्हणून तिने मामांना बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे असं सुरू केलं. आबांनी वाडीवरून डाळिंबांची पाटी पाठवली, रक्त वाढायला. तिकडे डॉक्टर पातळ करतोय, इकडे मामी घट्ट करतेय, आणि मामा मधे बसून दोघांचंही मुकाट खातायत. मी घाबरून बारामतीच्या डॉक्टरांना विचारलं, डाळिंबाने गोळी उलटी तर पडणार नाही ना? ते हसले. "नाही हो, रक्त वाढणं वेगळं आणि रक्त गोठणं वेगळं." वेगळं कसं, हे विचारायला मी तोंड उघडलं तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

बरे होईपर्यंत मामा-मामी माझ्याकडेच राहिले होते. मामांना नुसतं बसवेना. एकदा मी नको नको म्हणताना ते विळीवर कांदा चिरायला बसले आणि बोटाला लागलं. एवढंसं. एरवी आचाऱ्याच्या बोटाला असं रोज लागतं, तो अंगठा दाबतो आणि पुढे चिरतो. पण हे रक्त थांबेना. हळद दाबली, चिंधी बांधली, हात वर धरून बसवलं, तरी ठिपकतंय. शेवटी थांबलं एकदाचं. तोवर निम्मा कांदा लाल झाला होता. मामांनी तो सगळा कांदा उचलून बाहेर टाकला. विळी घासली, पाट धुतला, मग पुन्हा विळी घासली. "मामा, जाऊ द्या, घरातलाच तर कांदा होता," मी म्हटलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरातला व्हता म्हनून बरं. आचाऱ्याचं रगत जेवनात पडलं तर त्यानं चुलीम्होरं उभं ऱ्हाऊ ने." त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्यातच त्यांची दाढ ठणकायला लागली. दातांच्या डॉक्टरांनी तोंडात बघितलं, गोळ्यांचं ऐकलं आणि हात मागे घेतला. "या गोळ्या चालू असताना दाढ काढली तर रक्त लवकर थांबणार नाही. आधी पुण्याच्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी हो म्हटलं, तरच काही दिवस गोळ्या बंद करून या." मी हे सगळं वाक्य ऐकलं. मामांनी त्याचं फक्त शेपूट धरलं. रस्त्याने म्हणतात, "मंजी बंद करता येत्यात." "पुण्याला विचारून, मामा." "व्हय, पर येत्यात की." पुढे दाढ आपोआप शांत झाली, आणि पुण्याला विचारायची वेळच आली नाही.

मग एप्रिलच्या तोंडावर वाडीतून निरोप आला. या वर्षी जयंतीचं जेवण सगळ्या गावाला. आजवर असं होतं की गावातले लोक मिरवणुकीत यायचे, हार घालायचे, भाषणं करायचे, सरबत प्यायचे, आणि पंगत बसायच्या आधी प्रत्येकाला काहीतरी काम आठवायचं. या वर्षी दोन्हीकडच्या तरुणांनी बसून ठरवलं, पंगत एकच. घरोघरी जाऊन आमंत्रण दिलं. आणि स्वयंपाक मामांच्याच हातचा, असं गावातल्याच पोरांनी सांगितलं. त्यांतले निम्मे कारखान्यात मामांच्या आमटीवर वाढले होते.

मी आधी साफ नाही म्हटलं. "डॉक्टरांनी चुलीपुढं उभं राहायला बंदी केलीय." "मी खुडचीत बसून सांगतो. हात दुसऱ्याचं." "मामा, मला शेंडी लावू नका." मग ते म्हणाले, "आबा येनार हाय. मला म्हनला, येतो जेवाय. सुमे, साठी उलटली गं आमची." इतका खूश झालेला माणूस मी त्याआधी बघितला नव्हता आणि नंतरही नाही. जयंतीच्या आठवडाभर आधी मामा-मामी वाडीवर गेले. गोळ्यांच्या डब्या मी मामीच्या हातात दिल्या, कुठली कधी हे तिच्याकडून घोकून घेतलं.

जयंतीच्या दिवशी सकाळीच मी आणि माझा नवरा वाडीवर पोचलो. मामा खुर्चीत वगैरे नव्हतेच. चुलवणाला फेऱ्या मारत होते, बुंदीच्या पिठात हात घालून बघत होते, वांगी चिरणाऱ्या बायकांना दटावत होते. मग स्वतःच विळी ओढून मिरच्या चिरायला बसले. माझा ओरडा तोंडातच राहिला, कारण तेवढ्यात त्यांना लागलंच. ते झटकन उठून बाजूला गेले, बोट दाबून धरलं आणि थोड्या वेळाने माझ्यापुढे केलं. चेहऱ्यावर एवढा आनंद. "बग, थांबलं. लगीच थांबलं." मी बघितलं. खरंच थांबलं होतं. मला वाटलं, तब्येत सुधारली. मलासुद्धा बरं वाटलं.

गाव आलं. आधी चार माणसं बिचकत आली, मग एकदम लोंढाच. समाजमंदिरापुढच्या मांडवात पंगती बसल्या. पत्रावळी, वांग्याची भाजी, पुऱ्या, भात-आमटी, बुंदी. मी बायकांच्या पंगतीत वाढत होते, मला मान वर करायला उसंत नव्हती. एकदा बघितलं तेव्हा मामा आमटीच्या पातेल्याजवळ डाव हातात धरून उभे होते. ढवळत नव्हते, काही नाही, नुसते पंगतीकडे बघत होते. पुरुषांच्या पंगतीच्या टोकाला आबांची पांढरी टोपी दिसली. मग मला कुणीतरी भात मागितला आणि मी वळले.

दुपार कलली, पातेली घासायला काढली, आणि मामा चुलवणाशेजारी भिंतीला टेकून बसले. मी हाक मारली तर बोलेनात. घाम तसाच, पहिल्यासारखा. गावातली जीप काढली आणि सरळ बारामतीला त्याच दवाखान्यात आणलं. त्याच तरुण डॉक्टरांनी पट्टी बघितली आणि माझ्याकडे वळले. "जाळीत गुठळी झालीय. गोळ्या चालू होत्या ना?" मी म्हटलं, "म्हणजे काय! मामीला विचारा." मामी म्हणाली, "रोज माझ्या हातानं देते की." आणि खाटेवरून मामा म्हणाले, "सायेब, म्या बंद केल्या. हिनं दिल्या की तोंडात धरायचो आन् मागं जाऊन थुकायचो."

"अहो, पण का?"

"गाव जेवायचं व्हतं."

डॉक्टर चक्रावले. "आजोबा, या गोळ्यांचा जेवणाशी काय संबंध? जेवणानंतर घ्या, एवढंच सांगितलं होतं." मामा माझ्याकडे बघायला लागले. मला एका क्षणात सगळं कळलं: कांदा, दाढ, थांबलेलं बोट. मला इतका राग आला की दवाखान्यात आहोत हे मी विसरले. "मरायचं होतं का तुम्हाला? मला विचारायचं तरी!" मामा दमल्या आवाजात म्हणाले, "दाढ काढाय बंद करत्यात. मग ह्याला का न्हाय? सुमे, आख्खं गाव पयल्यांदा जेवाय बसनार. त्या आमटीत माझ्या रगताचा येक ठिपका पडला आसता तर? परत कोन बसलं आसतं?"

तो माणूस चुकला होता, जिवावर बेतेल असा चुकला होता, आणि तरी त्याचं कुठे चुकलं हे मला त्याच्या तोंडावर सांगता येईना. मी नुसती रडत राहिले.

मागचं औषध इतक्यात पुन्हा चालणार नव्हतं. रक्त त्याला ओळखून बसलंय, त्याला दाद देणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग दुसरं मागवलं, ते लावलं. सकाळी मी डबा घेऊन गेले तर मामांच्या तोंडावर रंग आलेला. गुठळी विरघळली, दुपारी पुण्याची गाडी येईल, पुढचं तिकडे बघतील, असं ठरलं. मामांनी मामीच्या हातून दोन्ही गोळ्या घेतल्या, पाणी प्यायले आणि तोंड उघडून जीभसुद्धा दाखवली. "गेल्या बग. आता रोज घेतो. काम झालं माझं."

मग म्हणाले, "आबा जेवला का गं?"

माझा नवरा म्हणाला, "हो, पंगतीत बसलेले मी बघितले." मामी म्हणाली, "बसलं व्हतं, पर पान वाढल्यावर उटल्यागत दिसलं. का हात धुवाय उटलं, कुनास ठावं." दोघांची जुंपायला लागली. मामा त्या दोघांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मी तर काहीच बघितलं नव्हतं.

"जेवले," मी म्हटलं. "बुंदी दोनदा घेतली."

"दोनदा?"

"दोनदा."

मामांनी डोळे मिटले. हसत होते की काय कोण जाणे.

गाडी दवाखान्याच्या दारात लागली तेव्हा मामांनी जीव सोडला. विरघळलेली गुठळी त्याच जागी पुन्हा धरली, असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या थोडं आधी हाताची सुई काढली, तर त्या भोकातून रक्त येतच होतं. मी कापूस दाबून बसले होते आणि ते थांबत नव्हतं. त्याच माणसाच्या आत तेच रक्त घट्ट झालं होतं. मी डॉक्टरांना विचारलं, असं कसं? त्यांनी सांगितलं. फार वेळ उभं राहून, चांगल्या शब्दांत सांगितलं. मला तेव्हा समजलं नाही. नंतर मी पुष्कळ वाचलं, मुलांना शिकवलंसुद्धा, आणि समजलं असं अजूनही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

वाडीवर मामांच्या जलदानविधीला वंदना झाली, आणि जेवणं सुरू झाली. स्वयंपाक कँटीनमधल्या लोकांनी येऊन केला. गावातलीही बरीच माणसं आली होती, काही जेवली, काही हात जोडून गेली. कोण का थांबलं आणि कोण का गेलं, ते बघायचं त्राण माझ्यात नव्हतं. आबा शेवटच्या पंगतीला आले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि पानावर बसले. मी भात वाढायला वाकले तेव्हा खाली मान घालूनच त्यांनी विचारलं, "पोरी, त्यानं माझं इचारलं व्हतं का?"

"हो."

"काय सांगितलंस?"

"जेवले म्हणून सांगितलं. बुंदी दोनदा घेतली म्हणून."

आबांचा हात भातात तसाच राहिला. "मी उटलो व्हतो गं," ते म्हणाले. "पान वाढलं, त्यानं लांबनं माझ्याकडं बगितलं, आन् मी उटलो."

त्यांच्यापुढचं पान ओढून घ्यावं असं मला वाटलं. खरंच वाटलं, माझा हात पुढे गेलासुद्धा. आबांनी दोन्ही हातांनी पान दाबून धरलं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "वाढ."

मी आमटी वाढली. ते एकेक घास पाण्यासोबत घशाखाली ढकलत होते, आणि शेजारची सगळी पंगत उठून गेली तरी पान संपेपर्यंत आबा उठले नाहीत.